तीन दिवसांचं पाणी

१

सांगवी थडीच्या उमाशंकरचा दिवस ठरलेला. सातला भावजयीच्या हातचा चहा, साडेसातला घाट, तिथून शेषेरावच्या फायबरच्या होडीत बसून पलीकडं, आणि आठच्या आत वखारीच्या बेटावर पत्र्याच्या शेडचं कुलूप उघडायचं. नऊ वर्षांत त्या शेडमध्ये एकही नाव बांधली गेली नव्हती, तरी नेम चुकला नव्हता. तिथं जाऊन करायचा काय, तर चौरंग, पोळपाट, कुणाच्या खाटेला पाय. हे काम गावातही झालं असतं की! पण खोड ती खोड, चितेवरच जायची म्हणतात. ह्या घरात तर चिताही नाही, लिंगायत माणूस लिंगैक्य झाला की त्याला माती देतात, म्हणजे खोड मातीतही सोबत जायची.

मासे धरून पोट भरणारा शेषेराव रोज तीच थट्टा करायचा. "अण्णा, लाकडाच्या नावा बांधणारा माणूस प्लास्टिकमधी बसून राहिला. काय जमाना आला!"

"हाण गुमान," उमाशंकर म्हणायचा. दोघांचं बोलणं तिथंच संपायचं.

त्या सोमवारी मात्र बेटावर खरंखुरं काम होतं. वैशाखात मंजुषाचं लग्न होतं. मंजुषा म्हणजे उमाशंकरच्या धाकट्या भावाची, अमरेशची, एकुलती पोरगी. उमाशंकरची बायको लवकर गेली, त्याला मूलबाळ नाही. पोर त्याच्याच खांद्यावर वाढली. तिला सासरी सागवानी कपाट द्यायचं ठरलं, आणि तिची आई सिंधु म्हणाली, "सागवान विकत कशाला घेता, अण्णा? ती नाव पडून हाय न्हवं का शेडात? फोडा तिला. लेकराच्या कामी तरी येऊ द्या."

ती नाव. बेटावर बांधलेली शेवटची. अमरेश नऊ वर्षांपूर्वी गंगेला पूर असताना तिच्यात बसून निघाला होता. चार दिवसांनी नाव खाली बंधाऱ्यापाशी बाभळीत अडकलेली सापडली, अमरेश सापडला नाही. (गंगा म्हणजे गोदावरीच. आमच्याकडं तिला गोदावरी फक्त शाळेत म्हणतात.)

उमाशंकरनं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि डोळ्याआधी नाकाला कळलं. शेडमध्ये ओल्या लाकडाचा वास होता.

नाव सहा ठोकळ्यांवर सरळ ठेवलेली होती, डावं अंग भिंतीकडं, जशी त्यानं स्वतः ठेवली होती तशीच. तिच्याखालची जमीन ओली होती. चिखल नव्हता, सडा टाकल्यासारखी नुसती ओल. आणि तीही बरोबर नावेच्या आकाराची, पुढं निमुळती, मधे रुंद.

"कुत्रं शिरलं की काय," तो मोठ्यानं म्हणाला. एकटा माणूस मोठ्यानं बोलला की त्याला आपल्याच बोलण्याचा आधार वाटतो. पण दाराला कुलूप होतं, आणि एवढं मुतायला कुत्रं नाही, म्हैस लागली असती. वर पत्रा पाहिला. दिवाळीनंतर पावसाचा थेंब नव्हता. मग त्यानं काठावरून आत डोकावून पाहिलं. बोटभर धूळ, उंदराच्या लेंड्या, खिडकीतून येऊन पडलेली लिंबाची वाळकी पानं. धुळीत बोट घातलं. कोरडी ठणठणीत.

लाकूड फोडायच्या आधी ते वाजवून बघायची त्याची सवय. त्यानं बोटाच्या पेरानं वरची फळी ठोकली. टण. त्याखालची, टण. त्याखालची, टण. तळाजवळची ठोकली तर आवाज आला, ठप. भरल्या रांजणाला टिचकी मारल्यावर येतो, तसा.

तळ कुजला असणार. तो तसं म्हणाला आणि करवतीला धार लावत बसला. दिवसभर धारच लावली.

२

ह्या घराण्याचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तेव्हा थोडी कळ काढा.

उमाशंकरचा आजा ईश्वरप्पा लाकडाचा व्यापारी. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. किनवट-इस्लापूरच्या रानातलं सागवान गाड्यांनी आणायचं, आणि चोर-आगीची धास्ती नको म्हणून गंगेतल्या ह्या टीचभर बेटावर वखार घालायची. एका पुरात थडीवरची एकुलती नाव फुटली, सुतार तापानं फणफणलेला, आणि पलीकडं एक बाळंतीण अडलेली. ईश्वरप्पानं स्वतः लाकूड तासायचा वाकस हातात घेतला आणि एका रात्रीत नाव सांधली. लोक हसले. "वाण्यानं तागडी सोडून वाकस धरला, आता काय गंगेत दुकान मांडतो का!" बाळंतीण अलीकडं आली, पोरगा झाला, आणि हसणारेच नावा सांगायला येऊ लागले.

त्याचा पोरगा गुरुपादप्पा म्हणजे तर हातात कसब घेऊनच जन्मला होता. नांदेडपासून धर्माबादपर्यंत कुठल्याही घाटावर जा, नाव गुरुपादप्पाची. मग पूल झाला, उतारू गेले. बंधारा झाला, मासे धरणारे आले. शेवटी फायबर आलं आणि सगळंच मिटलं. ते असो. सांगायची गोष्ट वेगळी आहे. ह्या घराचे दोन नेम होते, आणि ते पुलानं मोडले नाहीत, बंधाऱ्यानंही मोडले नाहीत.

पहिला नेम, नावेला पाणी पाजायचा. नवी नाव नदीत सोडायच्या आधी ठोकळ्यांवर उभी करायची आणि आतून काठोकाठ पाण्यानं भरायची. पहिली घागर घरच्या लक्ष्मीनं ओतायची, मग बाकीच्यांनी. तीन दिवस ते पाणी आत ठेवायचं. लाकूड पिऊन फुगतं, सांधे बसतात, आणि जिथं बसत नाहीत तिथून पाणी बाहेर झिरपतं. झिरपलं तिथं खडूची खूण करायची, तिसऱ्या दिवशी तळाचं बूच काढून पाणी सोडून द्यायचं, आणि खुणेवर काथ्या-डांबर ठासायचं. गुरुपादप्पा म्हणायचा, "फट आपल्याला दिसत न्हाई, पाण्याला दिसते. पाण्यालाच विचारायचं."

दुसरा नेम सोपा होता. ज्यानं बांधली त्यानं पहिल्यांदा एकट्यानं पलीकडं जाऊन यायचं. दुसऱ्याचं लेकरू बसवायच्या आधी आपला जीव बसवायचा.

त्या सोमवारी रात्रीच्या जेवणाला सिंधूनं लग्नाच्या पत्रिकेचा कच्चा कागद त्याच्यापुढं ठेवला. ताटात ज्वारीची भाकरी होती, अंबाडीची भाजी होती. नऊ वर्षं तो ह्याच ताटात जेवत होता.

"वाचा, अण्णा. तुमच्याच नावानं छापून राहिले. श्री. उमाशंकर गुरुपादप्पा यांची पुतणी."

"पण बापाचं नाव..."

"बाप!" सिंधूच्या हातातल्या हिरव्या बांगड्या खणकल्या. "दोन दिवसांचं भांडण झालं की पोरीला टाकून पळाला, त्यो बाप? निजामाबादच्या स्टँडवर दिसला म्हणून लोकांनी सांगितलं. दुसरी करून बसला असंल तिकडं. त्याचं नाव माझ्या पोरीच्या पत्रिकेत यायचं न्हाई."

"अव्वा, राहू दे न," मंजुषा हळूच म्हणाली.

"काय राहू दे? रोज दिवा लावते अन रोज सांगते देवाला, त्याला सुखाचा घास लागू देऊ नको म्हणून. तुझ्या दोडप्पाला विचार."

अव्वा म्हणजे आई, दोडप्पा म्हणजे थोरला चुलता. सिंधु उदगीरकडची, तिच्या घरातून हे कानडी शब्द आले होते. दोडप्पानं तोंड उघडलं, त्यात भाकरीचा तुकडा घातला, आणि मिटलं.

३

मंगळवारी वास दारातूनच आला.

नावेच्या उजव्या अंगावर, तळापासून हातभर उंचीपर्यंत, प्रत्येक सांध्यात पाण्याचे थेंब उभे होते. उन्हाळ्यात माठाला येतात तसे. एखादा मोठा व्हायचा, घरंगळायचा, खाली टपकायचा. शेडमध्ये दुसरा आवाजच नव्हता.

उमाशंकरनं आत पाहिलं. धूळ होती तशी होती. पानंही होती, फक्त ती आज तळाला नव्हती. तळापासून हातभर वर, बसायच्या आडव्या फळीच्या थोडी खाली, पानं सपाट पसरली होती. कोळ्याचं जाळं असेल. जाळ्यात अडकली असतील. त्यानं लाकडाची काडी घेतली आणि पानं ढोसली. पानं बाजूला सरकली आणि हळूहळू परत जागेवर आली. काडी कोरडी होती. त्यानं ती दोनदा कपाळाला लावून बघितली.

शेवटी न राहवून त्यानं शेषेरावला हाक मारली. शेषेराव आला, नावेखाली वाकला, मातीत बोट घातलं.

"ओल हाय अण्णा. बंधारा भरून राहिला न्हवं का औंदा? बेटाला खालून पाणी लागलं असंल. लाकूड ओढून घेतं."

"ठोकळ्यांवर हाय ती. जमिनीला टेकलेली न्हाई."

"मंग ठोकळे ओढून घेत असतील."

"आत बघ."

शेषेरावनं आत बघितलं. "कचरा हाय. झाडून काढा." मग त्यानं उमाशंकरच्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "अण्णा, तुम्ही खामखा ही फोडायला घेतली. भावाची नाव हाय. फोडवत नसंल तर सांगा, मी चार पोरं आणतो, एका दिवसात सरपण करतो."

"नको," उमाशंकर म्हणाला, इतक्या घाईनं की शेषेराव जाळं बघायला निघून गेला.

त्यात खोटं काय होतं? ओल चढते, लाकूड ओढतं, पानं जाळ्यात अडकतात. उमाशंकर शहाणा माणूस होता, त्याला हे सगळं पटलं. आणि पटलं असतानाही त्यानं खिशातून खडू काढला आणि झिरपणाऱ्या सांध्यांवर खुणा करायला लागला. हात आपोआप चालले. चाळीस वर्षांचे हात. ते कुठं त्याला विचारून चालणार?

तिसऱ्या फळीच्या सांध्यावर तो थांबला. ह्या अंगाला हा सांधा सगळ्यात वाईट; नऊ वर्षं वाळून करंगळी जाईल एवढी फट पडली होती. पुढून मागपर्यंत सगळीकडून पाणी येत होतं, आणि मधेच एका जागी येत नव्हतं. चार बोटं रुंद, कोरडी जागा. तिच्या दोन्ही बाजूंनी थेंब घरंगळत होते, तिथं मात्र फळी कोरडी फटफटीत.

त्यानं कोरड्या जागेभोवती खडूनं रेघ ओढली. मग वरच्या फळीचे खिळे काढायला लागला. काम म्हणजे काम. दुपारी पाणी प्यायला खाली बसला तेव्हा सहज नजर गेली. रेघेच्या आतून आता थेंब येत होते. कोरडी जागा वीतभर पुढं सरकली होती, जिथं फट जास्त रुंद होती तिथं. तो बघत असताना ती आणखी थोडी सरकली, जरा डगमगली, आणि बसली.

आतून फटीवर हात दाबून धरला तर बाहेरून अगदी असंच दिसेल, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. नावा बांधणाऱ्याला ते कळायला कितीसा वेळ लागतो?

त्यानं आपला पंजा बाहेरून त्या जागेवर ठेवला. सगळी नाव गार होती. तेवढी जागा कोमट होती.

४

आता ते सांगायला हवं, जे उमाशंकरनं नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. गंगेचं पात्र पांढरं पडलेलं, गावात आठ दिवसाला टँकर. सिंधु पोरीला घेऊन उदगीरला माहेरी गेली, तिथंही तीच बोंब, पण निदान माहेर. बेटावर दोघे भाऊ नाव बांधत होते. मासेवाल्यांच्या सोसायटीची मागणी होती. जुलैत नाव तयार झाली. पाणी पाजायचं होतं, आणि पाणी कुठं होतं? चाळीस घागरी लागतात. "माणसाला प्यायला न्हाई अन नावेला पाजायचं?" उमाशंकर म्हणाला. चूक काय बोलला? कुणीही तेच बोललं असतं. ठरलं, की पाऊस पडला की पाजू.

सप्टेंबरात पाऊस पडला तो असा, की दोन दिवसांत गंगा दोन्ही थड्या धरून वाहायला लागली. सोसायटीचे लोक पलीकडच्या काठावर, फोनवर फोन. नाव आज द्या, आजच द्या. त्याच आठवड्यात अमरेश हैदराबादला फर्निचरच्या कारखान्यात जायचं म्हणून भावाशी भांडला होता आणि रुसून थडीवर मित्राकडं राहिला होता. त्या दोन दिवसांत उमाशंकरनं एकट्यानं नाव पाजायला हवी होती. आता पाण्याला तोटा नव्हता. पण तीन दिवस कुठले? त्यानं सांध्यांत भुसा आणि डांबर भरलं, वरून रंग ओढला. पाण्यात गेली की फुगेल, बसेल, असं मनाशी म्हणाला.

आणि पहिली खेप त्याची होती. त्यानं बांधली, तो थोरला. त्यानं काठावर उभं राहून लाल पाण्याकडं बघितलं, आणि त्याला भीती वाटली. साधी भीती. कारण बाकी कुणाला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं. तेवढ्यात अमरेश भांडण विसरून, अलीकडची अरुंद धार कुणाच्यातरी होडीनं ओलांडून मदतीला आला.

"माझा गुडघा धरलाय," उमाशंकर म्हणाला. "तू जातो का?"

"जातो की," अमरेश म्हणाला. नावेत पाय टाकता टाकता त्यानं विचारलं, "अण्णा, पाणी पाजलं न?"

"पाजलं."

एवढंच. एक शब्द. नाव मधे गेली तोवर ठीक होती. मग ती जड झाल्यासारखी वाटली, अमरेश खाली वाकलेला दिसला, दोन्ही हात तळाशी, आणि वळणाआड गेली.

नाव परत आणली तेव्हा उमाशंकरनं ती डावं अंग भिंतीकडं करून ठेवली, कारण डावीकडचे सांधे उघडे पडले होते आणि कुणी जाणत्यानं पाहिलं असतं तर पाणी पाजलं नव्हतं हे ओळखलं असतं. मग कुणीतरी निजामाबादचं स्टँड काढलं, अमरेश खाली कुठंतरी काठाला लागला आणि नाव सोडून पळाला म्हणून. लोकांनी उमाशंकरला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "असंल बाबा." त्यानं अफवा उठवली नाही, फक्त झोपू दिली नाही. स्वतःला तो सांगायचा, तिचं कुंकू तरी राहिलं. पोरीला बाप हाय, कुठंतरी हाय. खरं सांगून कुणाचं भलं होणार? आणि सकाळी सातला चहा यायचा, आणि तो प्यायचा.

५

बुधवारी त्यानं ठरवलंच होतं. तळाचं बूच काढायचं. तिसरा दिवस होता.

नाव आता काठापर्यंत झिरपत होती. त्यानं पेरानं ठोकलं. वरच्या फळीपासून तळापर्यंत, ठप, ठप, ठप. पानं काठाबरोबर आली होती आणि अगदी थोडी हलत होती. त्यांच्याखाली बघायची त्याची छाती झाली नाही. तो गुडघ्यावर बसला, बूच पकडीत धरलं, पिळलं, उपसलं.

भोकातून काही आलं नाही. त्यानं बोट घातलं. आत कोरडी धूळ लागली.

"अण्णा! हाय का आत?"

सिंधु होती. पाठीमागं उन्हात शेषेराव होडी बांधत होता. "डबा तसाच विसरून आलात. म्हणलं द्यावा, अन लाकूड बी बघावं. किती फोडली?"

"आत येऊ नको," उमाशंकर उठता उठता म्हणाला. गुडघा खरंच धरला. "किडा हाय. विंचू हाय इथं."

"विंचवाला मी भेते का?" ती आत आलीच. डबा तिनं खिडकीत ठेवला आणि नावेपाशी गेली. नऊ वर्षांत ती ह्या शेडमध्ये आली नव्हती. "अगं बाई, चांगलं हाय की लाकूड! खिळे तेवढे काढलेत? अन ही पानं कशाला भरून ठेवलीत?"

तिनं हातानं पानं सारली. पानं लांब गेली, थांबली, आणि तिच्या मनगटाभोवती परत जमली. तिचं लक्ष नव्हतं. तिनं आतून फळी चाचपायला हात खाली घातला, कोपरापर्यंत.

"गार लागून राहिलं," ती म्हणाली. मग तिचा हात आतच थांबला.

"हात काढ, सिंधु."

"निघत न्हाई."

"काढ म्हणतो न!"

"अण्णा," ती म्हणाली, अगदी सावकाश, झोपलेल्या लेकराशेजारी बोलतात तसं. "कुणीतरी धरलाय."

उमाशंकर पुढं धावला आणि काठाशी थबकला. पानांमध्ये तिच्या हाताएवढी जागा मोकळी झाली होती. खाली अंधार नव्हता, स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छात तिच्या मनगटाभोवती चार बोटं होती, आणि अंगठा. अंगठ्याचं नख अर्धंच होतं. लहानपणी वाकसानं उडालेलं. वाकस कुणाच्या हातात होता तेही उमाशंकरला आठवलं. कोपराच्या पुढं त्यानं बघितलं नाही. त्याला बघवलं नाही.

"ओढून न्हाई राहिला," सिंधु म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला कळतही नव्हतं. "नुसता धरलाय. अण्णा, हा... हा इथं कसा? हा पळाला होता न?"

"पळाला न्हाई."

तिनं मान वळवली.

मग त्यानं सांगितलं. भिंतीकडं बघत सांगितलं, सगळं सांगितलं. टँकरचं, भुशाचं, डांबराचं, गुडघ्याचं. तो एक शब्द सांगितला. सोसायटीचे फोन सांगायला लागला तेव्हा त्यालाच लाज वाटली आणि तो मधेच थांबला. बाहेर शेषेराव कुणालातरी फोनवर माशांचा भाव सांगत होता.

नावेत पाणी हलल्यासारखा एक आवाज झाला. सिंधूचा हात मोकळा झाला. तिनं तो वर काढला. कोपरापर्यंत ओला होता, बांगड्यांतून थेंब पडत होते. तिनं तो पुसला नाही, छातीशी धरला. नावेतली पानं हळूहळू खाली जायला लागली, एकेक फळी उतरत, आणि तळाला धुळीवर टेकली. खाली बुचाच्या भोकातून थेंबही आला नाही.

"नऊ वर्षं," सिंधु म्हणाली. "नऊ वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या, अण्णा. रोज दिव्यापाशी. सुखाचा घास लागू देऊ नको म्हणलं. अन तुम्ही ताटावर बसून ऐकत होता. माझ्याच हातचं खाऊन ऐकत होता."

"तुझं कुंकू..."

"नाव घेऊ नका माझ्या कुंकवाचं. तुम्हाला माझ्या कुंकवाची फिकीर न्हवती. तुम्हाला तुमच्या चहाची फिकीर होती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "बुडताना माणूस घरच्यांची आठवण काढतो. त्यांनी माझी काढली असंल, अन मी इकडं..."

ती खाली बसली. ओल्या हातानं तिनं नावेच्या फळीवरून, खडूच्या खुणांवरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा, तापलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मग उठली.

"ही फोडायची न्हाई. पत्रिकेत त्यांचं नाव जाईल. लिंगैक्य अमरेश गुरुपादप्पा. तुमचं मी काढते."

"मंजुषाला काय सांगशील?"

"जे तुम्ही मला सांगायला पायजे होतं, ते." दारात ती थांबली, पण वळली नाही. "डबा खिडकीत हाय. उद्यापासून येणार न्हाई. चहालाही येऊ नका."

शेषेरावची होडी सुटल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला. शेडमध्ये ऊन सरळ नावेवर पडलं होतं. जमिनीवरची ओल बघता बघता उडत होती, सांधे सुकत होते. पत्र्याखालची साधी, जुनी, कोरडी नाव.

उमाशंकर काठाशी गेला. त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि हात आत घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, मग छाती काठावर टेकवून खांद्यापर्यंत. तळ चाचपला. बसायच्या फळीखाली, सांध्यांच्या कडेनं, पुढच्या निमुळत्या टोकात, मागं. बोटं उघडी ठेवून तो थांबला.

"अमरेश," त्यानं हाक मारली. "अरे, मी हाय. अण्णा."

आत धूळ होती, आणि वाळकी पानं. संध्याकाळपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला. त्याचा हात कुणी धरला नाही.